लेकीला रेल्वेगाडी चालवायचीय, आईला मसाल्याचं मशीन घ्यायचंय: पैसे आधी कुठे लावायचे?



आजचा धडा धंद्याचाच आहे, पण सुरुवात रेल्वेच्या इंजिनापासून करणार आहे. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

न्हावा शेवाजवळच्या एका गावात आपली बॅच चालू होती. त्यात एक ताई होत्या. घरगुती आगरी मसाला आणि सुक्या मासळीची पाकिटं विकतात. माल उत्तम, गिऱ्हाईक बांधलेलं. अडचण एकच, मसाला दळायला दुसऱ्याच्या गिरणीवर जावं लागतं. तिथे नंबर लावायचा, दळणाचे पैसे द्यायचे, आणि आधीच्या माणसाच्या हळदीचा वास आपल्या मसाल्याला लागला तर गप्प बसायचं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना एक कागद देतो. त्यावर दोनच गोष्टी लिहायच्या: हातात किती पैसे आहेत आणि ते कुठे लावणार. ताईंनी लिहिलं होतं, ‘बचत १,१०,०००’. त्याखाली ‘मशीन’ लिहून खोडलं होतं. त्याच्याखाली ‘पोरीचा क्लास ८०,०००’.

मी विचारलं, "ताई, मशीन का खोडलं?"

"सर, पोरीला रेल्वेगारी चालवाची हाय," त्या म्हणाल्या. "ल्हानपणापासून कंटेनरच्या गाडीचे डबे मोजते. आता तिचा क्लास आधी का माझा मशीन आधी, तुमीच सांगा."

मुलगी इलेक्ट्रिकलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. बॅचमध्ये लगेच दोन पक्ष पडले. अर्धे म्हणाले, पोरांच्या स्वप्नापुढे पैसा काय! अर्धे म्हणाले, धंदा उभा राहिला तर पोरीला दहा क्लास लावता येतील.

मी म्हटलं, "दोन्ही थांबवा. आधी पोरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा."

सगळे हसले. पण मी गंमत करत नव्हतो.

आधी दार उघडतं का ते बघा

माझ्या एका जुन्या बॅचमधला तरुण. त्यालाही लोको पायलट व्हायचं होतं. घरच्यांनी दोन वर्षं क्लास, खोलीभाडं, पुस्तकं असा खर्च केला. पोरगं हुशार आणि मेहनती. दोन्ही लेखी टप्पे पार केले. पुढच्या टप्प्याला डोळ्यांचं प्रमाणपत्र न्यायचं होतं, म्हणून तपासणी केली, तेव्हा कळलं की एका डोळ्याला बारीकसा नंबर आहे. रोजच्या जगण्यात त्याला कधी जाणवलाही नव्हता. पण तिथे गाडी थांबली ती थांबलीच.

जी गोष्ट अर्ध्या तासात आणि काही शे रुपयांत पहिल्या दिवशी कळली असती, ती दोन वर्षांनी कळली.

त्याला दोष देणार नाही, कारण मीही हेच केलंय. माझ्या पहिल्या धंद्यासाठी मी गाळा घेतला, डिपॉझिट भरलं, रंग दिला, बोर्डसुद्धा रंगवून आणला. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की त्या जागेत मला हवं ते थ्री फेज कनेक्शन मिळणारच नाही. डिपॉझिटमधले निम्मे पैसे गेले. बोर्ड अजून घरी माळ्यावर आहे.

प्रत्येक स्वप्नाला एक अशी अट असते, जी मेहनतीने बदलत नाही. ती अट आधी शोधायची. हा आजचा पहिला धडा.

लोको पायलटची अट काय आहे?

पूर्वी ज्याला इंजिन ड्रायव्हर म्हणायचे, त्याला आता रेल्वेत लोको पायलट म्हणतात. थेट लोको पायलट म्हणून भरती होत नाही. सुरुवात सहायक लोको पायलट, म्हणजे एएलपी म्हणून होते. भरती रेल्वे भरती मंडळ, म्हणजे आरआरबी करतं.

वैद्यकीय श्रेणी ए-वन लागते, ही सर्वांत कडक. दूरचं दिसणं दोन्ही डोळ्यांना ६/६, तेही चष्म्याशिवाय. जवळचं दिसणंही चष्म्याशिवायच. रंग ओळखणं आलं पाहिजे, कारण लाल, पिवळ्या आणि हिरव्या सिग्नलवर शेकडो जीव अवलंबून असतात. शिवाय ‘फॉगिंग टेस्ट’ असते. डोळ्यापुढे प्लस दोनची काच धरतात. त्या काचेतूनही स्पष्ट दिसलं, तर डोळ्यात प्लसचा नंबर लपलेला आहे असं समजतात.

"मग लेझरने नंबर घालवू" असं कुणी म्हणेल. तेही चालत नाही. लॅसिक किंवा नंबर घालवण्याची दुसरी शस्त्रक्रिया झालेला उमेदवार या पदाला अपात्र ठरतो. घाईघाईत तिथे पैसे घालणारेही मी पाहिलेत.

बाकीच्या अटी अशा:

• शिक्षण: दहावी आणि ठरलेल्या ट्रेडमधला आयटीआय (फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक, वायरमन वगैरे), किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइलचा डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगची पदवी. नुसती बारावी सायन्स पुरत नाही.
• वय: २०२५ च्या जाहिरातीत १८ ते ३० होतं, राखीव प्रवर्गांना नियमाप्रमाणे सवलत. २०२४ च्या भरतीत कोविडमुळे सगळ्यांनाच तीन वर्षं वाढवून दिली होती. दर वेळी ती मिळेल असं धरून चालू नका.
• पहिली परीक्षा: ७५ प्रश्न, ६० मिनिटं. चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश गुण कापतात.
• दुसरी परीक्षा: भाग ‘अ’ १०० प्रश्न, ९० मिनिटं. भाग ‘ब’ तुमच्या ट्रेडचे ७५ प्रश्न, ६० मिनिटं. त्यात ३५ टक्के मिळवायलाच लागतात.
• सीबीएटी: ही संगणकावरची कल चाचणी. लक्ष, नजर, लक्षात ठेवण्याची ताकद तपासतात. प्रत्येक भागात किमान ४२ टी-स्कोअर लागतो. यात कुठल्याच प्रवर्गाला सूट नाही.
• गुणवत्ता यादी: दुसऱ्या परीक्षेच्या भाग ‘अ’चे ७० टक्के आणि सीबीएटीचे ३० टक्के.
• शेवटी कागदपत्रं आणि रेल्वेची स्वतःची वैद्यकीय तपासणी.

सुरुवातीचं मूळ वेतन १९,९०० रुपये, त्यावर भत्ते वेगळे. अर्ज भरायच्या आधी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, कारण आकडे आणि तारखा बदलतात.

आता अर्जाची फी ऐका. सर्वसाधारण उमेदवाराला ५०० रुपये, पहिल्या परीक्षेला बसलं की त्यातले ४०० परत. महिला, अनुसूचित जाती-जमाती, माजी सैनिक वगैरेंना २५० रुपये. परीक्षेला बसलं की बँकेचा आकार वजा करून ते परत. म्हणजे रेल्वे तुमच्याकडून जवळजवळ काहीच घेत नाही. कुणी लाखात रक्कम सांगून "आतून काम करतो" म्हणत असेल, तर उठून घरी या. परीक्षेशिवाय दुसरं दार नाही.

साताऱ्याच्या सुरेखाताईंनी काय केलं?

दार कळलं. आता जिना बघू.

सुरेखा यादव हे नाव तुम्ही ऐकलं असेल. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांची ओळख आहे. १९६५ मध्ये साताऱ्यात शेतकरी कुटुंबात जन्म, पाच भावंडांत थोरल्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. म्हणजे आपल्या ताईंच्या मुलीचंच शिक्षण.

लहानपणापासून त्यांना इंजिनच चालवायचं होतं असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. गणित घेऊन पदवी करावी, बीएड करावं आणि शिक्षिका व्हावं असं त्यांच्या मनात होतं. रेल्वेची जाहिरात आली, अर्ज केला, लेखी परीक्षा आणि मुलाखत झाली, निवड झाली. कल्याणच्या प्रशिक्षण शाळेत सहा महिने काढले. १९८९ मध्ये त्या सहायक चालक झाल्या.

इथल्या लोकांना १९८९ साल वेगळ्या कारणाने आठवत असेल. न्हावा शेवाचं बंदर त्याच वर्षी, २६ मे रोजी सुरू झालं.

आता त्यांचा जिना वर्षांनिशी लिहून घ्या.

• १९८९: सहायक चालक. सुरुवातीची मालगाडी वाडीबंदर ते कल्याण.
• १९९६: मालगाडीच्या चालक.
• २०००: मुंबईच्या लेडीज स्पेशल लोकलच्या मोटरवूमन.
• २०१०: घाटात गाडी चालवण्याचं काम.
• ८ मार्च २०११: डेक्कन क्वीन, पुणे ते मुंबई.
• १३ मार्च २०२३: वंदे भारत, सोलापूर ते मुंबई. सुमारे साडेचारशे किलोमीटर. गाडी वेळेआधी पाच मिनिटं पोचली.
• ३० सप्टेंबर २०२५: निवृत्ती.

पेपरात फोटो आला तो डेक्कन क्वीनचा आणि वंदे भारतचा. पण मधली वर्षं मोजा. सहायक चालक ते डेक्कन क्वीन, २२ वर्षं. वंदे भारतपर्यंत ३४. वाडीबंदरहून कल्याणला मालगाडी नेताना प्लॅटफॉर्मवर हार घेऊन कोण उभं असणार? मालगाडीचा नियम असा की प्रवासी गाडी आली की ती बाजूला थांबते. तासन् तास थांबते. चालकाने तेवढा वेळ सिग्नलकडे डोळे लावून बसायचं.

आपल्या धंद्यातही पहिली वर्षं मालगाडीची असतात. पाच किलोची ऑर्डर, दारोदार पाकिटं, उधारी. ती वर्षं गाळून कुणी थेट डेक्कन क्वीनवर चढत नाही. व्हिडिओ बघून मला लोक विचारतात, "सर, सहा महिन्यांत ब्रँड होईल का?" त्यांना मी हा जिना दाखवतो.

आणखी एक. सुरेखाताई शिक्षिका झाल्या नाहीत असंही नाही. पुढे कल्याणच्या चालक प्रशिक्षण केंद्रात त्यांनी नव्या चालकांना शिकवलं. आपल्याला नेमकं काय आवडतं हे कळलं असेल, तर ते दुसऱ्या वाटेनेही भेटतं.

इंजिनातून धंद्यात नेण्यासारख्या दोन सवयी

पहिली सवय, रस्ता शिकणे. लोको पायलट कितीही अनुभवी असो, नव्या मार्गावर त्याला एकदम गाडी देत नाहीत. आधी त्या मार्गावर जाणकार चालकासोबत फेऱ्या करायच्या, रात्रीचीसुद्धा. चढ कुठे, वळण कुठे, सिग्नल कोणत्या बाजूला, हे डोक्यात बसवायचं. याला ‘लर्निंग रोड’ म्हणतात. बरेच महिने त्या मार्गावर गेला नाही, तर रस्ता पुन्हा शिकायचा. कर्जत-लोणावळ्याच्या बोरघाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. तिथे "जाऊन बघू" चालत नाही.

तुम्ही नवा बाजार धरता तेव्हा रस्ता शिकता का? पनवेलच्या दुकानात माल ठेवायचाय, तर दोन शनिवार तिथे उभे राहून बघितलंत का, कोण येतं, किती ग्रॅमचं पाकीट उचलतं, सुट्टे किती देतं?

दुसरी सवय, सिग्नल मोठ्याने बोलणे. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की दोघंही त्याचा रंग तोंडाने बोलतात. दिसतंय तर बोलायचं कशाला? कारण रोज तेच बघणाऱ्या माणसाला एक दिवस जे नाही ते दिसतं. दुसऱ्याचा आवाज ती चूक पकडतो.

आपल्या घरच्या धंद्यात हिशेब एकाच्या डोक्यात असतो. आठवड्यातून एकदा नवरा-बायकोने, माय-लेकीने समोरासमोर बसून तीन आकडे मोठ्याने वाचा: आले किती, गेले किती, उधारी किती. फार भांडणं वाचतील. काही भांडणं वेळेवर होतील, तेही चांगलंच.

वाट बघायची, पण रिकामं बसून नाही

आता कडू गोष्ट. एएलपीची मोठी जाहिरात फेब्रुवारी २०१८ मध्ये आली होती. त्यानंतरची आली जानेवारी २०२४ मध्ये. मध्ये जवळजवळ सहा वर्षं काहीच नाही. २०१८ ला २५ वर्षांचा असलेला मुलगा २०२४ ला एकतीसचा झाला. २०२५ मध्ये लगेच दुसऱ्या वर्षी ९,९७० जागांची जाहिरात आली, हे चांगलं झालं. पण सिग्नल आपल्या हातात नसतो.

सहा वर्षं ज्यांनी फक्त जाहिरातीची वाट पाहिली, त्यांचं वय गेलं. ज्यांनी त्या काळात वायरिंगची कामं घेतली, मोटार रिवाइंडिंग शिकलं, त्यांच्या हातात हुन्नर राहिलं. परीक्षा त्यांनीही दिली.

मघाशी सांगितलेला तो तरुण आठवतो ना? तो आता इथल्या एका यार्डात रीफर कंटेनरचं काम करतो. रीफर म्हणजे थंड कंटेनर. फळं, मासळी, औषधं त्यातून जातात. त्याचा कॉम्प्रेसर बंद पडला तर लाखोंचा माल जातो. आयटीआयमध्ये शिकलेलं सगळं तिथे कामाला आलं. स्वतःची दुरुस्तीची गाडी काढायचीय म्हणून तो बॅचला आला होता. रेल्वेतही टेक्निशियनच्या अनेक पदांना ठरावीक मर्यादेत चष्मा चालतो, ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर, हे दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर!"

तो हे बोलला तेव्हा ताई त्याच्या मागच्याच खुर्चीवर होत्या.

मग ताईंनी काय केलं?

चार दिवसांनी मायलेकी डॉक्टरांकडे जाऊन आल्या. दोन्ही डोळे ६/६. रंग ओळखण्याची चाचणी ठीक. फॉगिंगही करून घेतली. दार उघडं आहे.

मग आम्ही तिघं कागद घेऊन बसलो. ८० हजारांच्या क्लासमध्ये काय शिकवणार, ते माहितीपत्रक काढलं. गणित, बुद्धिमत्ता, विज्ञान, चालू घडामोडी आणि ट्रेडचा भाग. मी मुलीला विचारलं, "ट्रेडचा भाग म्हणजे तुझा डिप्लोमाच ना?" ती म्हणाली, "हो सर." मग त्याचे पैसे कशाला? गणित बरं होतं. कच्चं होतं ते वेळ लावून सोडवणं. त्याला क्लास लागत नाही, सराव लागतो. जुने पेपर, ऑनलाइन सराव चाचण्या, दोन पुस्तकं आणि कल चाचणीसाठी संगणकावर बसण्याची सवय. सगळं मिळून तिने १२ हजारांचा अंदाज काढला. क्लासच वाईट असं माझं म्हणणं नाही. ज्याला पायाच कच्चा वाटतो त्याने जरूर लावावा. पण काय विकत घेतोय ते कळून लावावा.

उरले ९८ हजार. त्यातले २० हजार अडीअडचणीला बाजूला. बाकीच्यातून मशीन आलं. मोटार किती एचपीची घ्यायची, घरच्या मीटरवर लोड बसेल का, अर्थिंग कसं करायचं, हे सगळं लेकीने बघितलं. विकणाऱ्याने सांगितलेली मोठी मोटार तिने नाकारली. आईला काय ते कळलं नाही, पण बिल कमी झालं ते कळलं.

आता सकाळी मशीन चालतं. दुपारी मुलगी पेपर सोडवते. गणित अडलं की मिरच्या निवडायला येते. ती लोको पायलट झाली का? नाही, अजून नाही. पहिली परीक्षा दिली, थोडक्यात हुकली. पुढच्या जाहिरातीची तयारी चालू आहे. वय हातात आहे, डोळे चांगले आहेत, घरातला पैसा बुडालेला नाही. आणि तिने स्वतःहून तारीख घातलीय: सव्वीस पूर्ण होईपर्यंत प्रयत्न, तोपर्यंत वायरमनची कामंही घ्यायची.

मी ताईंना विचारलं, वाईट वाटलं का? त्या म्हणाल्या, "वाटला ना. पर परत बसंल ती. आता काय कर्ज नाय डोक्यावर."

गृहपाठ

आज रात्री वहीत पाच ओळी लिहा.

१. माझं स्वप्न एका वाक्यात.
२. मेहनतीने न बदलणारी अट कोणती? (परवाना, वय, तब्येत, जागा, वीज, पाणी)
३. ती अट तपासायला किती पैसे आणि किती दिवस लागतील?
४. अट पार झाली तर पहिली ‘मालगाडी’ कोणती? म्हणजे टाळ्या न मिळणारं पहिलं छोटं काम.
५. किती दिवस प्रयत्न करणार, आणि त्या काळात घर कशावर चालणार?

तिसऱ्या ओळीतलं काम या आठवड्यात करून टाका. त्याआधी कुठेही अॅडव्हान्स देऊ नका.

आणि कधी न्हावा शेवाला आलात तर आता लोकल थेट येते. १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंतची गाडी सुरू झाली आणि न्हावा शेवाला स्टेशन मिळालं. पहिल्या डब्यापाशी उभे राहून केबिनमध्ये बघा. तिथे बसलेल्या माणसाने कधीतरी हाच कागद भरलाय, आणि त्याची पहिली ओळ डोळ्यांच्या तपासणीची होती.

पुढच्या भागात उधारी कशी वसूल करायची ते बघू. तोपर्यंत वही भरा. भेटूच!